ढोल गाडीत घेत नसतो

न्हाई मंजी न्हाई! ढोल गाडीत घेत नसतो मी. मेंढरू घेईन, कोंबडी घेईन, नवरी घेईन, नवरीच्या मागं रडत येणारी तिची आय बी घेईन... एकडाव येलदरीच्या धरणातला जिता मासा एकानं टोपल्यात आणलता, त्यो जिंतूरपत्तोर माणसांच्या पायात उड्या मारीत आला, म्या हू का चू केलं न्हाई. पण ढोल? आता तुमी मनाल, मघाशी तर घेतलाव की! घेतला. मी कुठं नाकारतो? दारात आडवा हात लावून कसा उभा होतो ते तुमी समद्यांनी पाहिलं, अन् मंग त्यो हात कसा खाली आला ते बी पाहिलं. आता आपसात कुजबुज चाललीय तुमची, की ह्यो नागनाथ कंडक्टर आधी वाघ झालता, अन् त्या बाईनं नुसतं 'मास्तर' मनलं तर शेळी काऊन झाला. सांगतो की. तसं बी दुसरं काय काम हाय? बन्सीधर ड्रायव्हर चाकाखाली पालथा पडलाय, जॅक कव्हाचा कुरकुर करायलाय, ह्या लिंबाच्या सावलीतून उठून तुमी जाणार तरी कुठं? बसा. फकस्त हळू सांगतो, कारण ती गाडीतच बसून हाय.

ती मंजी बानूबाई. मल्हारी मेंढक्याची बायको. ह्यांचा तळ धरणाच्या अलीकडं, माळावर. अन् ढोल ज्यानं आणला त्यो मल्हारीचा धाकटा भाऊ, भुजंग. त्यो बघा, बन्सीधरला पाना द्यायलाय त्यो. हसला की म्होरल्या दातांची खिडकी दिसती. ते दात कुणी नेले इचारा. एका एडक्यानं नेले, कातरताना!

आता मला सांगा, लोकर कातरताना कुणी पाहिलंय का तुमच्यात? न्हाई. घोंगडी समद्यांनी पांघरलीय, कातरणी कुणीच पाहिली न्हाई. दिवाळी सरली की ही माणसं धरणाच्या पाण्यात मेंढरं धुतेत, उन्हात वाळवतेत, अन् मंग समदी भावकी एका तळावर गोळा होती. आज ह्याची मेंढरं, उद्या त्याची. मजुरी न्हाई, काय न्हाई, जेवण घालायचं अन् त्याची पाळी आली की आपण जायाचं. रीत लय चांगली, मी नावं ठेवीत न्हाई. मेंढराचे पाय बांधायचे, आडवं पाडायचं, मानंवर गुडघा दाबायचा अन् कातर सुरू. ऐकायला सोपं लागतंय? अहो, ते मेंढरू काय न्हाव्याम्होरं बसल्यावानी बसतंय का? लाथ मारतंय. कुणाच्या बरगडीत बसती, कुणाच्या नको तिथं बसती. कुणाची कंबर वाकून वाकून तशीच ऱ्हायली. लोकरीचा भुसा छातीत जाऊन जाऊन म्हाताऱ्यांना असला खोकला की ते गाडीत चढले की बन्सीधर इचारतो, नागनाथराव, हे इंजन आपलं वाजायलंय का त्यांचं? मेंढराच्या तोंडाला फोड आले की धरणाऱ्याच्या बोटाला बी फोड. अन् कातर तर कुणाचीच सगी न्हाई, रोज कुणाचं ना कुणाचं बोट.

अन् हितंच माझं डोकं उठतं. मेंढराला नुसतं खरचटलं की तळभर धावपळ, हळद आणा, तेल आणा, फुंकर घाला. अन् माणसाला लागलं तर? चुलीतली राख. चिमूटभर राख दाबायची, वर लोकरीचा झुपका, वर चिंधी, अन् चल लाग कामाला. कुणी 'आय गं' केलं की भावकी इचारती, काय रं, बाळंत झालास का?

मोठ्या दुस्काळाच्या पुढल्या सालची गोष्ट सांगायलोय. दुस्काळात निम्मी मेंढरं खपलती, मनून राहिलेल्यांचे लाड इचारू नका. जनावरांचा सरकारी डाक्टर पेटी घेऊन तळावर आला, एकेक मेंढरू धरून त्यानं सुई दिली. ह्या गड्यांनी हौसेनं मेंढरं धरली, मेंढराच्या कानात मनले, दुखत न्हाई गं बाय, मुंगी चावली आसं समज. पेटी मिटताना डाक्टर मनला, गड्यांनो, तुमच्यात कुणाला कातर लागली तर जिंतूरला जाऊन धनुर्वाताची सुई घ्या, कातर दिवसभर लेंड्यात पडलेली असती. समदे हसले. मल्हारी मनला, 'साहेब, मेंढरू मेलं तर परत भेटत न्हाई, माणसं काय, भावकीत लय हायती.' त्याच्यावर डाक्टर बी हसला बिचारा. हसला अन् फटफटीवर बसून गेला. मेंढराला सुई अन् माणसाला राख! हे ऐकलं तव्हापासून सुरू हाय बघा माझ्या डोक्यात.

मल्हारी मंजी कातरणीतला राजा. त्याच्या हातून लोकर निघायची ती अंगरखा काढल्यावानी, एकसंध. सवताच्या लेकरांची नावं इचारली तर जरा थांबून सांगायचा, मेंढीचं नाव इचारा, तिच्या आय-आजीसकट सांगायचा. त्यात रुपी नावाची मेंढी लय लाडकी. दुस्काळात तिला ह्यानं खांद्यावर घेऊन पार गंगाखेडच्या अंगाला नेलती, गोदावरीकाठी जरा हिरवं होतं मनून. बानूबाई मनायची, लगीन लागल्यापासून मला कव्हा खांद्यावर घेतलं न्हाई ह्या माणसानं.

त्याच रुपीनं घात केला. घात तरी कसा मनावा? नुकतीच सुई टोचलेली, बिचारीचं ढुंगण दुखायलतं, त्यात ह्यानं आडवी पाडली. तिनं झटका दिला अन् कातरीचं टोक ह्याच्या अंगठ्याच्या बुडात खोल गेलं. तुमाला सांगतो, आता ह्या गड्यानं आधी काय पाहिलं आसंल? मेंढी पाहिली! तिच्या पोटाला वरखडा होता. वरडला, बाने, हळद आण, बिगीन! बानूबाई डबा घेऊन पळत आली तर ह्याच्या हातातून रगताची धार. तिनं हळद त्याच्या अंगठ्याला लावाया घेतली, तर ह्यानं डबाच हिसकला अन् समदी हळद मेंढीच्या पोटाला फासली. समदी! डबा पालथा करून, झटकून. मंग चुलीकडं गेला, राख घेतली, जखमंत दाबली, वर रुपीच्याच लोकरीचा झुपका बांधला. बानूबाई मनली, आवो, त्यो डाक्टर मनला ती सुई तरी घ्या. त्यो मनला, 'मी काय मेंढरू हाय का?'

झालं. तळ खो खो हसला. मेंढराला सुई, मेंढराला हळद, अन् माणसाला राख.

जखम भरली. वरून भरली. आत काय चाललंय ते कुणाला दिसतंय? मंग एका सकाळी बानूबाईनं भाकर म्होरं ठेवली तर मल्हारी खाईना. तोंडच उघडीना. आता झालतं काय, आदल्या दिशी दोघांचं वाजलतं. कालवणात मीठ लय झालं, एवढ्यावरून. नवरा-बायको हायेत, वाजणारच! तिला वाटलं, रुसला. मनली, खायाची तर खा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या, अन् भाकर उचलून कुत्र्याला घातली. मागं वळून पाहिलं तर ह्याचं तोंड ताणलेलं, दात दिसायलेले, हसल्यावानी. तिला वाटलं, वर हसायलाय बी माझ्यावर! मंग तिनं बी पाठ फिरवली. त्यो दिवसभर घोंगड्यावर आडवा, ती चुलीकडं तोंड करून. भावकीला तर आयती गंमत. येणारा-जाणारा मनायचा, मल्हारीदा, चुकलं तिचं, माफ करा, तोंड उघडा आता! तोंड उघडा मनायलेत... अन् त्याला तोंड उघडताच येईना झालतं.

हे एवढं सांगताना बानूबाई दरवेळी खिडकीकडं तोंड करती. मी बी मंग तिकिटाच्या पेटीत कायतरी हुडकायचं सोंग करतो. तिचा त्यो दिवस गेला, तुमाला सांगतो. सोन्यासारखा दिवस, रुसव्यात गेला.

दुसऱ्या दिशी आला आयतवार. आयतवार मंजी खंडोबाचा वार. सकाळची आरती, समदे आंघोळी करून गोळा झाले, मल्हारीला बी दोघांनी धरून आणून बसवला. अंग जरा ताठ वाटायलंय, कातरून कातरून पाठ धरली आसंल मनले. भुजंगनं ढोल गळ्यात घातला. अन् ढोलावर पहिली टिपरी पडली... पडली मात्र, मल्हारी बसल्या जागी मागं कलला अन् कमानीवानी वाकला! टाचा भुईला, डोकं भुईला, मधला माणूस अधांतरी. मंग मागून कुणीतरी मनलं, 'देव आला.'

आता त्यांना बी काय मनावं? त्यांच्यात अंगात येतं. मल्हारीच्या आज्याच्या अंगात यायचं, त्यो बी म्हणे असाच ताठायचा, असेच दात आवळायचा. आजा गेल्यापासून त्या घरात देव आला नव्हता. दुस्काळ पडला त्यो त्याच्यामुळंच, मेंढरं खपली ती त्याच्यामुळंच, आसं मनात धरून बसलेली माणसं. आमच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा न्हाई, पण मनून मी काय शहाणपणा सांगावा? आमची आजी दीक्षा घेऊन आली अन् मला ताप भरला तर आधी अंगाराच हुडकायला लागली. सवयीचं माणूस! तर ह्यांना झाला आनंद. भंडारा उधळला. ढोल वाढला. जसा ढोल वाढला तसा मल्हारी वाढला, जसा मल्हारी वाढला तसा ढोल! भुजंगचे डोळे मिटलेले, गालावरून पाणी चाललेलं, भावाच्या अंगात देव आला मंजी काय थोडी गोष्ट हाय का?

अन् मंग इचारणं सुरू झालं. दत्तराव मनून त्यांच्यातलाच एक, त्यानं हात जोडून इचारलं, देवा, माझा हरवलेला एडका जिंतूरच्या बाजारात इकला का कापला? देव गप. दुसऱ्यानं पोरीच्या लग्नाचं इचारलं. देव गप. नुसता दात आवळून हसायलाय. दत्तराव मनला, मौनी देव हाय, लय कडक. मौनी! अहो, दातखीळ बसलेला माणूस बोलंल कशानं? शेवटाला कासाबाई आली, मल्हारीची म्हातारी आय. तिनं पदर पसरला, सवताच्या लेकाच्या पायावर डोकं ठेवलं, अन् मनली, 'देवा, दुसरं काय मागत न्हाई. माझ्या मल्हारीला संभाळ.'

...

घ्या. कुणाला सांगायली, अन् कुणासाठी सांगायली! हितं आलं की मला कळत न्हाई हसावं का काय करावं. पहिल्यांदा ऐकलं तव्हा मी चुकून हसलो होतो. मंग घरी जाऊन जेवलो न्हाई.

बानूबाई बायकांत उभी. तिच्या ध्यानात आलं, ढोल जरा थांबला की ह्यांचं अंग ढिलं पडतंय, टिपरी पडली की ताठतंय. देवाला ढोल आवडतो, ह्यांना तर सोसंना झालाय! अन् मंग तिला कोकरू आठवलं. मागल्या कातरणीत रुपीच्याच कोकराला कातर लागलती, ते आसंच लाकूड झालतं, आशीच दातखीळ बसून गेलतं. तिनं जवळ जाऊन मल्हारीच्या डोळ्यांत पाहिलं. मला मनली, 'मास्तर, देव आला असता तर त्यानं मला वळखलं नसतं. ते डोळे मला वळखायलते.'

वरडली ती. देव न्हाई आला, कोकराला झालं ते झालंय, ढोल थांबवा! कोण ऐकतो? देव आल्यावर देवाचं ऐकावं का देवाच्या बायकोचं? तव्हा ह्या बाईनं काय करावं? भुजंगच्या गळ्यातला ढोल वढला, भुईवर आडवा टाकला, अन् त्याच्यावर बसली. फतकल मारून! देवाचं वाद्य, त्याला बाईचा पाय लागू देत न्हाईत, अन् ही ढोलावर बसली. समद्या तळाचं तोंड उघडं पडलं. भुजंग मनला, वैनी, काय केलंव हे? ती मनली, 'भावजी, बैलं जुंपा. मी उठले की तुमी वाजवताल, मी उठत नसते.'

अन् त्या शांततेत मल्हारीचं अंग हळूहळू भुईला टेकलं. ते समद्यांनी पाहिलं. कासाबाईनं तोंडात पदर कोंबला.

आता माझा नंबर. बैलगाडी सडकंला लागली तव्हा आमची गाडी तिथं थांबलेली. आयतवारची गर्दी, मी दारात उभा, हातात तिकिटाचा चिमटा, सवयीनं वाजवायलो, टिक टिक टिक टिक. घोंगड्यात गुंडाळलेला माणूस आत आणायलेत, अन् माझ्या प्रत्येक टिकटिकीला त्यो घोंगड्यात ताठायलाय. बानूबाईनं माझं मनगट धरलं. मनली, 'मास्तर, आवाज करू नका. आवाजानं मरायलाय त्यो.'

तुमाला सांगतो, कंडक्टरला आवाज करू नको मनणं मंजी कोंबड्याला आरवू नको मनणं. चिमटा खिशात टाकला. पण घंटी? घंटी दिल्याबिगर बन्सीधर गाडी हालवीत न्हाई, अन् घंटीची दोरी वढली तर टण्ण! मंग मी मागल्या माणसाच्या कानात मनलं, चला सांगा. त्यानं म्होरल्याच्या कानात, त्यानं त्याच्या म्होरल्याच्या, आसं करत करत ते बन्सीधरच्या कानाला गेलं, अन् गाडी हालली. बन्सीधर मंजी हार्नचा शौकिन माणूस, रिकाम्या सडकंवर बी वाजवणारा. त्या दिशी म्हशी आडव्या आल्या. ह्यानं गाडी थांबवली, खाली उतरला, अन् एकेका म्हशीला हातानं ढकलून बाजूला केलं. तोंडातून शब्द न्हाई. म्हशी बी चकरावल्या आसतील, ही यष्टी हाय का सासुरवाडीला आलेला जावई!

अन् आत? आत तर मी काय सांगू... सुलाबाई मनून एक बाई लेकरू घेऊन होती, ते जरा कुरकुरलं की तिनं पदराखाली घेतलं, जिंतूरपत्तोर खाली ठेवलं न्हाई. एका म्हाताऱ्याला खोकला, त्यानं रुमालाचा बोळा तोंडात कोंबला, डोळे लाल झाले पण खोकला न्हाई. एकाच्या काखंत कोंबडा, त्यानं कोंबड्याच्या डोळ्यावर हात ठेवला, रात झाली समज मनला. बाजाराला निघालेली आमची माणसं, जी शेजारणीची गोष्ट पार दुसऱ्या गावाला ऐकू जाईल आशी सांगतेत, ती समदी गप. नुसतं इंजन अन् मधूनच बानूबाईचा शब्द, आलं, आलंच जिंतूर. भुजंग खाली बसलेला, भावाचे पाय मांडीवर घेऊन. त्याच्या हाताला भंडारा तसाच, पिवळा.

जिंतूरच्या डाक्टरांनी पाहिलं, एक सुई दिली अन् मनले, थांबू नका, परभणी. आमी थांबलो न्हाई. गाडी स्टँडावर बी नेली न्हाई, सरळ मोठ्या दवाखान्याच्या दारात. डेपोच्या साहेबांनी नंतर इचारलं, नागनाथ, गाडी मार्ग सोडून कशी गेली, अन् घंटी न देता गाडी सुटली कशी? मी मनलो, साहेब, कानातून सुटली. त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

दवाखान्यात एका अंधाऱ्या खोलीत ठेवला त्याला, खिडकीला काळं कापड, चपला बाहेर. डाक्टरांनी जीव तोडून केलं, खोटं कशाला बोलू. मला मनले, लागलं त्या दिशी नुसती सुई घेतली असती तर... अन् 'तर' वरच थांबले. मी ड्युटी सुटली की जायाचो. बानूबाई खाटंशेजारी भुईवर, त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटायची. मला वाटलं देवाचं नाव घ्यायली. जवळ गेलो तर मेंढरांची नावं! रुपी चरायली, रुपीची जखम भरली, चिंता करू नका. अन् मधूनच मनायची, मीठ कमी टाकीन. आवो, मीठ कमी टाकीन.

गेला त्यो. शेजारच्या खाटंवर तसाच दुसरा पेशंट होता, ऊस तोडताना पाय कापलेला. मनून ह्या बाईला नवऱ्यासाठी रडायची बी मोकळीक न्हाई. पदराचा बोळा तोंडात घालून तशीच बाहेर आली. बाहेर येऊन बी रडली न्हाई, भिंतीला टेकून हळू आवाजातच मनली, भावजी, गाडी बघा.

मंग दिस गेले. एक दिस ती ह्याच सडकंला गाडीला हात करून उभी. चढली, मागल्या सीटवर बसली. माझा हात दोरीवर गेला अन् तसाच ऱ्हायला, काय केल्या घंटी वढंना. मी मागल्या माणसाच्या कानाकडं वाकायलो, तर ती मनली, 'मास्तर, वाजवा की घंटी. आता कुणाला तरास हाय?' मी वाजवली. टण टण. अन् तव्हा ती रडली, मोठ्यानं, जिंतूर येईपत्तोर. गाडीतल्या लोकांना काय, त्यांना वाटलं माहेराहून आलेली दिसती.

हितं तरी गोष्ट संपावी का न्हाई? संपत न्हाई! तळावर भावकी बसली. दत्तराव मनला, आलता तर देवच. पण बानीनं ढोलावर बसून ईटाळ केला, मनून देव रुसला अन् जाताना त्याला संगं घेऊन गेला. झालं. जिथं मल्हारी कमानीवानी वाकला तिथं दगड बसवला. भंडारा लावला, मौनी मल्हारी नाव ठेवलं. दरसाल कातरणीच्या आधी तिथं जत्रा. ज्या माणसाला ढोलाचा एक ठोका सोसत नव्हता त्याच्या डोक्यावर दिवसभर ढोल! अन् परसाद काय देतेत, सांगा बरं? राख! दगडाम्होरच्या धुनीची राख, पुडीत बांधून. कातर लागली की मौनी मल्हारीची राख दाबायची, काय व्हत न्हाई मनतेत. ज्या राखंनं माणूस गेला तीच राख त्याच्या नावानं... मेंढराला सुई अन् माणसाला राख, वर पुन्हा त्या राखंला नमस्कार!

बानूबाई काय गप बसली? कातरणीभर दगडापाशी तापल्या पाण्याचं गाडगं अन् साबण घेऊन बसायची. ज्याला कातर लागली त्याचा हात धरायची, धुवायची, मनायची, बाबा, जिंतूरला जा, सुई घे, राखंनं गेला माझा माणूस. लोक हात धुवून घ्यायचे, देवाची बायको मनून तिच्या पाया पडायचे, अन् उठून राख न्यायचे. पाया पडतेत पण ऐकत न्हाईत! भुजंग तर सख्खा दीर, त्याच्या बोटाला लागलं तर राख दाबून मनतो, वैनी, दादा हाय की संभाळायला.

मंग अवंदा काय झालं... हळू सांगतो, भुजंग इकडंच बघायलाय. अवंदा जत्रंला ढोल वाजला, अन् बानूबाई घुमली. देव आला तिच्या अंगात! मल्हारीवानीच ताठली, दात आवळले, टाचा अन् डोकं भुईला. समदे पालथे पडले. अन् आवळल्या दातांतून देव बोलला, मौनी देव पहिल्यांदाच बोलला, की आधी सुई, मंग राख. सुई न घेता जो कातर धरंल... हितं थांबली ती. तिला माहीत होतं, त्यो मरंल मनलं तर ही माणसं हसतील. मनून तिनं सांगितलं, जो सुई न घेता कातर धरंल त्याची मेंढरं खपतील.

हाय का न्हाई? मेंढरं खपतील मनल्यावर समदा तळ उठला. दत्तराव सगळ्यांच्या म्होरं. मला तिनं एकट्याला गाठून सांगितलं, मास्तर, सोंगच होतं. खरं सांगून सांगून घसा बसला, खोटं घुमले तर एका दमात ऐकलं. अन् मनली, 'पण पाठ तशी वाकवली ना, तव्हा कळलं, त्यांना केवढं दुखलं आसंल.'

म्या तिकिटाच्या पेटीत तोंड घातलं.

तर मघाशी चढले ते, तिकडं गाडीच्या पल्याड बसलेत ते, समदे तळावरचे गडी हायेत. कातरणीच्या आधी जिंतूरला सुई घ्यायला चाललेत, देवाचा हुकूम मनून वाजतगाजत चाललेत, अन् मनून ढोल. दवाखान्यातल्या कंपाउंडरच्या डोक्यावर भंडारा उधळणार हायेत, त्या बिचाऱ्याला अजून ठाऊक न्हाई. मी ढोल नको मनलो तर ती मनली, मास्तर, घेऊ द्या, ढोलाबिगर देवाचं काम होत न्हाई मनतेत, अन् ढोल मागं ऱ्हायला की हे बी मागं ऱ्हायतील. राख बी लावू द्या नंतर. सुई आत गेली मंजी झालं. मी मनलो, घेतो, पण रस्त्यात एक टिपरी पडली तर गाडी थांबवीन. ती मनली, त्याची काळजी तुमी करू नका.

बन्सीधरनं हात झटकले बघा, बसलं चाक. चला, चढा आता. अन् चढताना मागं बघा जरा, ती सीटवर न्हाई. ढोलावर बसलीय. जिंतूर आल्याबिगर उठत नसती ती. सरका, आत सरका, दारात थांबू नका... माणूस गेला तरी इतकी सालं सुई घेतली न्हाई गड्यांनी. आता निघालेत खरे, एकजात निघालेत, पण ते बी मेंढरांसाठी!